भाषेवरून अडवलेलं नाटक, आणि कॅनडाला स्वतःची रंगभूमी कशी मिळाली त्याची गोष्ट

१९७२ ची गोष्ट. कॅनडातल्या क्विबेक प्रांताच्या सांस्कृतिक खात्यापुढे एक मागणी आली. माँट्रियलमध्ये गाजलेलं एक नाटक पॅरिसला न्यायचं होतं, खर्चाला सरकारी मदत हवी होती. मंत्र्यांनी नकार दिला. अडचण कथेची नव्हती, नटांचीही नव्हती. अडचण होती नाटकातल्या भाषेची. त्यातल्या बायका बोलतात ती माँट्रियलच्या कामगार वस्तीतली, इंग्रजी शब्द घुसलेली, शिव्या-शापांनी भरलेली फ्रेंच. ही भाषा थेट पॅरिसमध्ये ऐकवायची? लोक काय म्हणतील?

त्या मंत्र्यांचं नाव क्लेअर कर्कलंड-कासग्रँ. यांना खलनायिका ठरवून मोकळं होता येत नाही. १९६१ साली क्विबेकच्या विधानसभेवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि पुढची बारा वर्षं त्या सभागृहात त्या एकट्याच बाई होत्या. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय कायदेशीर व्यवहार करता यावेत, यासाठीचा १९६४ चा कायदा त्यांनीच आणला. म्हणजे क्विबेकच्या बायकांसाठी ज्यांनी सर्वांत मोठं काम केलं, त्यांनाच क्विबेकच्या पंधरा बायकांचं बोलणं रंगमंचावर नको झालं. शिकलेल्या, भल्या माणसांनाही आपल्याच लोकांच्या बोलीची लाज वाटते. आजची पोस्ट त्या लाजेबद्दल आहे, आणि ती लाज मोडून काढायला नाटककारांनी काय काय केलं त्याबद्दल.

नाटक होतं ‘ले बेल-सर’. लेखक मिशेल त्रांब्ले. फ्रेंचमध्ये ‘बेल-सर’ हा एकच शब्द. आपल्याकडे त्याच नात्याला नणंद, भावजय, जाऊ, मेहुणी असे चार शब्द लागतात. गोष्ट साधी आहे. जर्मेन लोझाँ नावाच्या गृहिणीला बक्षिसात दहा लाख कुपनं लागतात, दुकानातून खरेदीवर मिळणारी चिकटवायची तिकिटं. ती सगळी पुस्तिकांमध्ये चिकटवली की घरभर नवं सामान. एवढी चिकटवणार कोण? म्हणून ती नात्यातल्या आणि शेजारच्या बायकांना स्वयंपाकघरात बोलावते. चिकटवता चिकटवता गप्पा, गप्पांतून हेवेदावे, आणि हळूहळू एकेक बाई कुपनं पर्समध्ये सारायला लागते. शेवटी जर्मेन एकटी उरते, वरून कुपनांचा पाऊस पडतो आणि सगळ्या जणी राष्ट्रगीत म्हणतात. हसता हसता घशात आवंढा येतो.

त्रांब्लेने हे १९६५ साली लिहिलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. माँट्रियलच्या कामगार वस्तीत वाढलेला, छापखान्यात नोकरी करणारा पोरगा. नाटक तीन वर्षं पडून होतं. त्याच्या भाषेला ‘झ्वाल’ म्हणत. फ्रेंचमध्ये घोड्याला ‘शव्हाल’ म्हणतात. कामगार वस्तीत त्या शब्दाचा उच्चार जसा व्हायचा, त्यावरूनच हे टिंगलीचं नाव पडलं. ही भाषा घराघरांत होती, पण रंगमंचावर यायची ती नोकराच्या नाहीतर विदूषकाच्या तोंडी. त्रांब्लेने नाटकातल्या सगळ्याच बायकांना ती दिली, त्यांच्या रडण्यालाही तीच दिली.

आता प्रश्न असा की कॅनडासारख्या सुखवस्तू देशात, जिथे पैसा होता, थिएटरं होती, उत्तम नट होते, तिथे १९६५ पर्यंत ‘आपलं’ म्हणता येईल असं नाटक इतकं दुर्मीळ का होतं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत कॅनडात व्यावसायिक नाटक म्हणजे मुख्यतः बाहेरून आलेलं नाटक. लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या कंपन्या रेल्वेने गावोगाव फिरायच्या. स्थानिक लोक हौशी नाटकं करायचे, स्पर्धा भरवायचे. उत्साह भरपूर, पण त्यावर पोट चालत नव्हतं. लेखकाचं तर नाहीच नाही. १९४९ साली सरकारने कला आणि विद्यांची पाहणी करायला व्हिन्सेंट मॅसी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९५१ च्या अहवालाचा सूर स्पष्ट होता: शेजारच्या अमेरिकेच्या रेट्यापुढे टिकायचं तर सरकारने कलांच्या मागे उभं राहायला हवं. त्यातून १९५७ साली कॅनडा कौन्सिल ही अनुदान देणारी संस्था उभी राहिली. गंमत बघा, तिचं भांडवल आलं दोन गडगंज उद्योगपतींच्या मृत्यूनंतर सरकारला मिळालेल्या वारसाकरातून. दहा कोटी डॉलर. अर्धे विद्यापीठांच्या इमारतींना, अर्ध्यांच्या व्याजावर कला.

त्याआधीच ऑन्टारियो प्रांतातल्या स्ट्रॅटफर्ड गावात एक अचाट प्रकार घडला होता. हे रेल्वेचं गाव. वाफेच्या इंजिनांची दुरुस्ती हा गावाचा मुख्य धंदा, आणि डिझेल आल्यावर तो बसणार हे दिसत होतं. टॉम पॅटरसन नावाच्या तिथल्याच पत्रकाराने डोकं लढवलं: आपल्या गावाचं नाव शेक्सपिअरच्या गावाचं, नदीचं नावही तेच, तर इथे शेक्सपिअरचा महोत्सव भरवू! त्याने नगरपालिकेकडे न्यूयॉर्कला जाऊन यायला शंभर डॉलर मागितले. नगरपालिकेने सव्वाशे दिले. ती फेरी फुकट गेली. मग टोरोंटोच्या नाट्यदिग्दर्शिका डोरा मेव्हर मूर यांनी त्याची गाठ टायरोन गथ्री या नामांकित दिग्दर्शकाशी घालून दिली, आणि जुलै १९५३ मध्ये एका भल्यामोठ्या तंबूत ‘रिचर्ड तिसरा’ उभं राहिलं. मुख्य भूमिकेत अ‍ॅलेक गिनेस. गाव वाचलं. तो महोत्सव आजही चालतो.

हे कौतुकाचंच आहे. पण पुढे काय झालं ते पाहा. १९५८ साली विनिपेगमध्ये, १९६३ साली व्हँकुव्हर आणि हॅलिफॅक्समध्ये, १९६५ साली एडमंटनमध्ये अशी एकामागून एक मोठी थिएटरं उभी राहिली, बहुतेक अनुदानावर चालणारी. आणि त्यांच्या वर्षाच्या यादीत काय? शेक्सपिअर, शॉ, चेकॉव्ह, ब्रॉडवेवर चाललेलं काहीतरी. कॅनडाच्या लेखकाचं नाटक घ्यायचं म्हणजे जोखीम. वर्गणीदार प्रेक्षक नाराज होईल, संचालक मंडळ विचारेल ‘हे कुणाला माहीत आहे?’. पैसा कॅनडाचा, भिंती कॅनडाच्या, नट कॅनडाचे आणि शब्द तेवढे बाहेरचे.

जॉन हर्बर्ट या टोरोंटोच्या लेखकाचं उदाहरण घ्या. तरुणपणी त्याने सुधारगृहातली शिक्षा भोगली होती. त्या अनुभवावर त्याने ‘फॉर्च्यून अँड मेन्स आइज’ हे नाटक लिहिलं. कोवळ्या वयाच्या कैद्याचं तुरुंगात काय होतं, बलात्कार आणि दादागिरी माणसाला कशी बदलते, याचं. स्ट्रॅटफर्डच्या नटांनी १९६५ साली ते आपापसांत बसवून पाहिलं, पण जाहीर प्रयोग करायला संस्था तयार झाली नाही. शेवटी १९६७ साली ते न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलं आणि मग जगभर गेलं. कॅनडाचं नाटक कॅनडात यायला आधी परदेशाचा शिक्का लागला.

१९६७ हे कॅनडाच्या स्थापनेचं शताब्दी वर्ष. देशभर सोहळे, रोषणाई, भाषणं. १ जुलैला व्हँकुव्हरच्या भरलेल्या स्टेडियममध्ये चीफ डॅन जॉर्ज हे मूलनिवासी नेते बोलायला उभे राहिले. ज्या देशाचा वाढदिवस चालू होता, त्या देशाने त्यांच्या लोकांचं काय केलं ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांचं ते भाषण आजही शाळांत वाचलं जातं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हँकुव्हर प्लेहाऊसमध्ये जॉर्ज रीगाचं ‘द एक्स्टसी ऑफ रीटा जो’ हे नाटक आलं. रीगा अल्बर्टातल्या युक्रेनी स्थलांतरित शेतकऱ्यांचा मुलगा. नाटकातली रीटा जो ही गावाकडून शहरात आलेली मूलनिवासी मुलगी. काम नाही, राहायला जागा नाही, आणि सारखी कोर्टात उभी. न्यायाधीश तिला उपदेश करतो, समाजसेवक उपदेश करतो, धर्मगुरू उपदेश करतो. तिचं ऐकून कुणीच घेत नाही. शेवटी शहरातले तीन पुरुष तिच्यावर बलात्कार करून तिला मारून टाकतात. तिच्या बापाच्या भूमिकेत होते खुद्द चीफ डॅन जॉर्ज. शताब्दीच्या वर्षी, सरकारी मदतीच्या थिएटरात, गोऱ्या प्रेक्षकांना हे बघावं लागलं. १९६९ साली राजधानी ओटावात राष्ट्रीय कला केंद्राचं उद्घाटन झालं, तेव्हाच्या महोत्सवात हे नाटक निमंत्रित होतं. अनेक अभ्यासक आधुनिक कॅनडियन नाटकाची सुरुवात इथून धरतात.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. रीटा जोची भूमिका करणारी अभिनेत्री, फ्रान्सिस हायलंड, मूलनिवासी नव्हती. नाटककारही मूलनिवासी नव्हता.

आणि प्लेहाऊसचं धाडसही फार टिकलं नाही. ऑक्टोबर १९७० मध्ये क्विबेकमधल्या फुटीरतावादी गटाने एका ब्रिटिश अधिकाऱ्याचं आणि पाठोपाठ प्रांताच्या एका मंत्र्याचं अपहरण केलं. मंत्र्याचा खून झाला. सरकारने युद्धकाळातला कायदा लागू करून शेकडो लोकांना विनाचौकशी आत टाकलं. नेमकं त्याच सुमाराला रीगाने प्लेहाऊससाठी लिहिलेलं नवं नाटक क्रांतिकारकांनी पळवून नेलेल्या एका मुत्सद्द्याबद्दल होतं. संचालक मंडळाने ते रद्द केलं. ज्या लेखकाने थिएटरला देशभर नाव मिळवून दिलं, त्यालाच दार बंद.

तिकडे माँट्रियलमध्ये त्रांब्लेच्या नाटकाची कोंडी फुटली ती कशी? मोठ्या थिएटरला एकदम साक्षात्कार झाला म्हणून नव्हे. १९६५ साली काही नाटककारांनी मिळून एक केंद्र काढलं होतं. काम एकच: नवीन नाटकांची जाहीर वाचनं करायची. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, नट हातात संहिता घेऊन बसणार. मार्च १९६८ मध्ये तिथे ‘ले बेल-सर’चं वाचन झालं आणि खोलीतल्या लोकांना कळलं की हे काहीतरी वेगळंच आहे. ऑगस्टमध्ये रिदो व्हेर या थिएटरने ते रंगमंचावर आणलं, दिग्दर्शक आंद्रे ब्रासार. वादळ उठलं. अर्धे समीक्षक म्हणाले उत्कृष्ट, अर्धे म्हणाले ही भाषेची विटंबना. प्रेक्षक मात्र येत राहिले, कारण आपली आई, आपली मावशी, आपली शेजारीण रंगमंचावर ते पहिल्यांदाच बघत होते.

१९७१ च्या जुलैत क्विबेकच्या गास्पे किनाऱ्यावर देशभरातले नाटककार एकत्र बसले. तिथून त्यांनी एक जाहीर मागणी केली: १ जानेवारी १९७३ पासून सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक थिएटरने निम्मी नाटकं कॅनडियन लेखकांची केलीच पाहिजेत. दोनात एक. देशभर आरडाओरड झाली. ‘कलेत कोटा?’, ‘गुणवत्तेचं काय?’, ‘वाईट नाटकं करायला लावणार का?’ हे युक्तिवाद ऐकल्यासारखे वाटतात ना? नाटककारांचं म्हणणं सरळ होतं: करदात्याचा पैसा घेता, तर करदात्याच्या देशातलं निम्मं तरी दाखवा, आणि प्रयोगच झाले नाहीत तर लेखकाला आपलं चुकतंय कुठे ते कळणार कसं?

कोट्याचा नियम काही झाला नाही. पण मागणी वाया गेली नाही. यादीत कॅनडाचं एकही नाव नसेल तर थिएटरला उत्तर द्यावं लागेल, एवढा धाक बसला. आणि त्याच दोन-तीन वर्षांत टोरोंटोत छोट्या थिएटरांनी तो प्रश्न स्वतःच्या पद्धतीने सोडवायला घेतला.

१९७० मध्ये केन गॅसने एका मोटार गॅरेजच्या वरच्या मजल्यावर फॅक्टरी थिएटर सुरू केलं. नियम असा की इथे फक्त कॅनडियन नाटकं. सगळ्यांनी वेड्यात काढलं, एवढी नाटकं आणणार कुठून? गॅसने रस्त्यावर जाहिराती चिकटवल्या: नाटकं पाठवा. अशी एक जाहिरात दिव्याच्या खांबावर एका टॅक्सी ड्रायव्हरने वाचली, घरी जाऊन नाटक लिहिलं आणि पाठवलं. तो जॉर्ज एफ. वॉकर. १९७१ मध्ये त्याचं पहिलं नाटक तिथेच झालं आणि पुढे तो कॅनडाच्या सर्वाधिक प्रयोग झालेल्या नाटककारांपैकी एक ठरला. कोटा मागणाऱ्यांना यापेक्षा चांगला पुरावा सापडला नसता. लेखक शहरात होताच, टॅक्सी चालवत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

१९७१ मध्येच बिल ग्लासकोने एका जुन्या कारखान्यात टॅरॅगन थिएटर काढलं. पहिलं नाटक डेव्हिड फ्रीमनचं ‘क्रीप्स’. फ्रीमनला स्वतःला सेरेब्रल पाल्सी. नाटक घडतं अपंगांच्या कामशाळेतल्या संडासात, कारण देखरेख करणाऱ्यांच्या नजरेआड मनातलं बोलायला ती एकच जागा असते. दया दाखवणाऱ्या लोकांबद्दलचा एवढा राग प्रेक्षकांनी आधी ऐकलेला नव्हता. पुढच्या वर्षी डेव्हिड फ्रेंचचं ‘लीव्हिंग होम’ आलं: न्यूफाउंडलंड बेटावरून टोरोंटोत आलेलं कामगार कुटुंब, बाप-मुलाचं भांडण, आणि बेटावरची बोली. ज्या बोलीवर टोरोंटोत विनोद व्हायचे, त्याच बोलीत इथे बाप कोसळताना दिसला.

तिसरं थिएटर पास मुराय, नावाचा अर्थ भिंतींच्या पलीकडे. त्याच्या पॉल थॉम्पसनने १९७२ च्या उन्हाळ्यात नट गोळा केले आणि थेट क्लिंटन नावाच्या शेतकरी गावाजवळ मुक्काम ठोकला. संहिता नाही. नटांनी शेतकऱ्यांकडे जायचं, गवत उचलायला मदत करायची, जेवायचं, ऐकायचं, आणि संध्याकाळी जे दिसलं ते एकमेकांना करून दाखवायचं. त्यातून ‘द फार्म शो’ उभा राहिला आणि पहिला प्रयोग झाला गावातल्याच एका गोठ्यात, ज्यांच्याबद्दल होता त्यांच्याचसमोर. शेजारी शेजाऱ्याला ओळखून हसत होते. मायकेल ओंडाट्जे या कादंबरीकाराने पुढे त्यावर माहितीपटही काढला.

या सगळ्याला पैसा कुठून आला? इथे सरकारला श्रेय द्यायला हवं. बेरोजगार तरुणांना काम मिळावं म्हणून तेव्हाच्या पिएर ट्रूडो सरकारने १९७१ मध्ये स्थानिक उपक्रमांना थेट मजुरी देणाऱ्या योजना काढल्या. नाटकासाठी म्हणून त्या नव्हत्याच. पण छोट्या थिएटरांनी अर्ज भरले, नटांना आठवड्याचा पगार मिळायला लागला आणि नवीन लेखनाला लागतो तो वेळ विकत घेता आला. १९७२ मध्ये नाटककारांनी सहकारी संस्था काढून संहितांच्या स्वस्त प्रती छापायला सुरुवात केली, म्हणजे एका शहरातलं नाटक दुसऱ्या शहरात वाचता येऊ लागलं.

पॅरिसचं काय झालं? नकारानंतर पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, ‘ले बेल-सर’ पॅरिसला गेलं आणि तिथल्या समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. १९८९ मध्ये ते ग्लासगोत स्कॉट्स बोलीत झालं. माँट्रियलच्या त्या बायकांना प्रमाण इंग्रजीत आणणं अवघड जात होतं; ग्लासगोच्या कामगारांच्या बोलीत त्या घरच्यासारख्या बोलल्या.

इथे गोष्ट संपवली असती तर छान सुखांत झाला असता. पण १९७२ पर्यंत जे आत आले ते बहुतेक गोरे होते, आणि ज्यांच्यावर नाटकं लिहिली जात होती त्यातले अनेक अजून बाहेरच उभे होते.

१९७६ चं एक नाटक आपल्याशी थेट जोडलेलं आहे. शॅरन पोलॉक यांचं ‘द कोमागाता मारू इन्सिडेंट’. १९१४ च्या मे महिन्यात पंजाबमधले प्रवासी घेऊन ही जपानी बोट व्हँकुव्हर बंदरात पोचली. ३७६ प्रवासी, ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, त्यामुळे साम्राज्यात कुठेही राहायचा हक्क कागदावर होता. कॅनडाने जवळपास सगळ्यांना अडवलं आणि दोन महिने बंदरात तिष्ठत ठेवून २३ जुलैला परत पाठवलं. सप्टेंबरमध्ये कोलकात्याजवळ बजबज इथे पोलिसांनी गोळीबार केला, त्यात वीसच्या आसपास माणसं मेली. पोलॉकने हे विसरलेलं प्रकरण त्याच व्हँकुव्हर शहरात रंगमंचावर आणलं, आणि रोख ठेवला इमिग्रेशन अधिकारी हॉपकिन्सनवर, सरकारच्या वंशद्वेषावर. प्रवासी मात्र नाटकात एकाच बाईच्या रूपात दिसतात, पिंजऱ्यासारख्या बोटीत. कॅनडाची कानउघाडणी पुरेपूर होते, पण बोटीवरच्या माणसांची गोष्ट त्यांच्याच लोकांनी सांगायची बाकी राहते.

ती सांगायला लोक आले, पण दार त्यांना पुन्हा नव्याने ठोठावावं लागलं. १९८१ मध्ये माँट्रियलमध्ये राहुल वर्मा आणि मित्रांनी ‘तीसरी दुनिया’ हे थिएटर काढलं, सुरुवात हिंदी नाटकांनी. वर्मांचं ‘भोपाळ’ हे वायुकांडावरचं इंग्रजी नाटक पुढे हबीब तन्वीर यांनी ‘ज़हरीली हवा’ म्हणून हिंदीत केलं. कॅनडात लिहिलेलं नाटक असं भारतात परत आलं. मुंबईत वाढलेले अनोश इराणी १९९८ मध्ये व्हँकुव्हरला गेले. त्यांच्या ‘बॉम्बे ब्लॅक’ने २००६ मध्ये टोरोंटोचे चार डोरा पुरस्कार मिळवले, त्यात उत्कृष्ट नव्या नाटकाचाही. हे पुरस्कार त्याच डोरा मेव्हर मूर यांच्या नावाचे. त्यांच्या ‘द मेन इन व्हाइट’मध्ये एक पाय डोंगरीतल्या कोंबडीच्या दुकानात आणि दुसरा व्हँकुव्हरच्या क्रिकेट मैदानावर आहे.

मूलनिवासींकडून ते दार उघडलं टॉमसन हायवेने. उत्तर मॅनिटोबात जन्मलेला क्री भाषक, लहानपणी घरापासून तोडून निवासी शाळेत टाकलेला. त्याचं ‘द रेझ सिस्टर्स’ कुणी घेईना, म्हणून नोव्हेंबर १९८६ मध्ये टोरोंटोतल्या मूलनिवासींच्या समाजकेंद्रातच प्रयोग लावला. सात बायका, आपल्या वस्तीवरून निघून टोरोंटोला जगातला सर्वांत मोठा बिंगो खेळायला जातात. बायका, लॉटरीचं स्वप्न, चुलीजवळच्या गप्पा आणि हेवेदावे. ओळखीचं वाटतं ना? हायवेवर त्रांब्लेचा प्रभाव उघड आहे. माँट्रियलच्या एका पोराने आपल्या आई-मावश्यांची बोली रंगमंचावर आणली, म्हणून अठरा वर्षांनी एका क्री लेखकाला वाटलं की माझ्या बायकाही बोलू शकतात. नाटक १९८८ मध्ये एडिनबरा महोत्सवाला गेलं.

मग वाद सुरू झाला की कुणाची गोष्ट कुणी सांगायची. २०१८ मध्ये क्विबेकचे जगप्रसिद्ध दिग्दर्शक रोबेर लपाज पॅरिसच्या एका नाटकमंडळीबरोबर ‘कनाटा’ करत होते. विषय कॅनडाच्या मूलनिवासींचा, पण नटसंचात कॅनडाचा एकही मूलनिवासी नाही. मूलनिवासी कलावंतांनी वृत्तपत्रात पत्र लिहून विचारलं, आम्ही इथेच आहोत, आम्हाला का विचारलं नाही? अमेरिकेतल्या सहनिर्मात्यांनी हात काढून घेतले आणि शेवटी बदललेल्या रूपात प्रयोग पॅरिसमध्येच झाला. दुसरी बाजूही ऐका. हायवेनेच २००१ मध्ये एक लेख लिहून तक्रार केली होती की मूलनिवासी भूमिका फक्त मूलनिवासी नटांनीच कराव्यात या आग्रहामुळे थिएटरं माझी नाटकं हातातच घेत नाहीत, कारण तेवढे नट मिळत नाहीत म्हणतात. दोघांचंही खरं आहे. मला वाटतं उत्तर बंदीत नाही; थिएटरं, नट आणि लेखक वाढवण्यात आहे, १९७१ मध्ये होतं तसंच.

अलीकडच्या काळातली नवी नाटकं बघा. कोरियन वंशाच्या इन्स चॉयचं ‘किम्स कन्व्हीनियन्स’ मोठ्या थिएटरांनी घेतलं नाही. ते आलं २०११ च्या टोरोंटो फ्रिंज महोत्सवात. फ्रिंजमध्ये बहुतेक जागा चक्क चिठ्ठ्या टाकून मिळतात, आणि तिकिटांचा पैसा कलावंताला. चॉयने तिथली नव्या नाटकाची स्पर्धा जिंकून जागा मिळवली, पुढे मोठं थिएटर, मग २०१६ पासून टीव्ही मालिका, मग जगभर. आणि २०२१ मध्ये मालिका संपताना तिच्याच नटांनी जाहीर तक्रार केली की लेखकांच्या खोलीत कोरियन माणसं पुरेशी नव्हती. घर तुमच्या नावाचं झालं तरी किल्ली दुसऱ्याकडे राहू शकते.

त्याच २०२१ मध्ये टोरोंटोत क्लिफ कार्डिनल या मूलनिवासी नाटककाराने भलताच खेळ केला. जाहिरात शेक्सपिअरच्या ‘अ‍ॅज यू लाइक इट’ची. कॅनडात हल्ली प्रयोगाआधी ‘आपण अमुक मूलनिवासींच्या भूमीवर आहोत’ अशी घोषणा करायचा रिवाज आहे. कार्डिनल ती घोषणा करायला पडद्यापुढे आला, आणि गेलाच नाही. दीड तास त्या घोषणेतल्या ढोंगाबद्दल बोलला. तीच नाटकाची अख्खी संध्याकाळ. शेक्सपिअर बघायला आलेल्यांना कॅनडियन नाटक बघावं लागलं! स्ट्रॅटफर्डच्या तंबूपासून सुरू झालेल्या गोष्टीला यापेक्षा मजेदार वळण सुचणार नाही.

आणि ओटावातलं राष्ट्रीय कला केंद्र. १९६९ मध्ये जिथे ‘रीटा जो’ झालं, तिथे बरोबर पन्नास वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, मूलनिवासी रंगभूमीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, प्रमुख नाटककार केव्हिन लोरिंग. पहिलं नाटक मेरी क्लेमेंट्स या मेटी लेखिकेचं, ‘द अननॅचरल अँड अ‍ॅक्सिडेंटल विमेन’. व्हँकुव्हरच्या गरीब वस्तीत वर्षानुवर्षं एकेक बाई मेलेली सापडत होती, बहुतेक मूलनिवासी. सरकारी नोंदीत कारण लिहिलं जायचं ‘अनैसर्गिक आणि अपघाती’. क्लेमेंट्स त्या बायकांना नाव देते, घर देते, विनोद देते, मेल्यानंतरही बोलायला लावते. रीटा जोसुद्धा शहरात अशीच मेली होती, पण तिचे शब्द दुसऱ्याने लिहिले होते. इथे त्या स्वतः बोलतात. पन्नास वर्षांत एवढं अंतर कापलं गेलं.

आणि ज्या व्हँकुव्हर प्लेहाऊसमध्ये ‘रीटा जो’ जन्मलं, ती संस्था मार्च २०१२ मध्ये कर्जापायी बंद पडली. एकोणपन्नास वर्षांची संस्था. मिळवलेलं टिकतंच असं नाही.

आपल्याकडे गप्पांत एक वाक्य हमखास येतं: ‘हल्ली नवीन नाटककारच नाहीत हो.’ १९७० मध्ये टोरोंटोतही लोक हेच म्हणत होते. पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं की त्यांना तो टॅक्सी ड्रायव्हर सांगा, आणि विचारा: आपल्या शहरात ती जाहिरात कुठल्या खांबावर लावलेली आहे?